कॅलिबर आणि ‘थोपविण्याची शक्ती’ : एका तुलनेची चिकित्सा

१

काडतुसांच्या सामर्थ्याची तुलना करावयाची म्हटले की कॅलिबरचा आकडा प्रथम पुढे येतो. कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. तो इंचाच्या अपूर्णांकात किंवा मिलिमीटरमध्ये सांगण्याची रूढी आहे, आणि आकड्याच्या नेमकेपणामुळे त्याच्या मोठेपणाशी सामर्थ्याचे थेट नाते असावे असा समज सहज होतो. हा समज किती ठिसूळ आहे, हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे आहे. सोव्हिएत कलाश्निकोव्ह रायफलचे काडतूस आणि ‘नाटो’ राष्ट्रांनी १९५०च्या दशकात स्वीकारलेले काडतूस, ही दोन्ही ७·६२ मिलिमीटरची म्हणविली जातात. परंतु पहिल्याची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने निघते, तर दुसऱ्याची साडेनऊ ग्रॅमची गोळी सुमारे ८४० मीटर वेगाने. पहिलीची गतिज ऊर्जा २,००० जूलच्या आसपास, दुसरीची ३,३०० जूलहून अधिक. नाव एक, ऊर्जेत दीडपटीहून जास्त अंतर.

नाव पुष्कळदा व्यासाच्या बाबतीतही प्रामाणिक नसते. ब्रिटिश ·३०३ रायफलची गोळी प्रत्यक्षात ·३११ इंच व्यासाची असते. कारण नळीतील वळणदार चऱ्यांच्या उंचवट्यांमधील अंतरावरून नाव पडले, आणि गोळी मात्र चऱ्यांच्या तळापर्यंत भरावी लागते. ·३८ स्पेशल नावाच्या काडतुसातील गोळी ·३५७ इंचाची असते. येथे नाव जुन्या पद्धतीच्या काडतुसाकडून वारशाने आले आहे. तात्पर्य, कॅलिबर हे कुलनामासारखे आहे. त्यावरून घराणे कळते, व्यक्तीचे गुण कळत नाहीत.

तथापि प्रश्न नावाच्या शिथिलतेपुरता असता, तर वजन, वेग आणि व्यास स्वतंत्रपणे सांगून तो सुटला असता. खरी अडचण ‘शक्ती’ ह्या शब्दात आहे. ही शक्ती कशाची, कोणावर, कशासाठी? गेल्या सव्वाशे वर्षांत तुलनेसाठी जी परिमाणे सुचविली गेली, त्यांतील बहुतेकांनी हा प्रश्न न विचारताच उत्तर दिले आहे. त्या परिमाणांची चिकित्सा हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

ह्या वादाचा उगम हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर सापडतो. ब्रिटिश पायदळाने १८७१मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी शिशाची, ·४५ इंच व्यासाची व ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर होता. १८८८मध्ये लहान कॅलिबरची ·३०३ ली-मेटफर्ड रायफल आली. पुढे कॉर्डाइट ह्या धूरविरहित दारूवर चालणारे जे काडतूस तिच्यासाठी सिद्ध झाले, त्यातील गोळी २१५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची, कठीण धातूच्या आवरणाची असून तिचा वेग सुमारे ६०० मीटर होता. १८९५च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी येऊ लागल्या की, नवी गोळी शरीरातून आरपार जाते. पण धावून येणारा पठाण थांबत नाही.

ह्या दोन गोळ्यांची तुलना चार परिमाणांनी करून पाहणे उद्बोधक आहे. गतिज ऊर्जा घेतली, तर मार्टिनी-हेन्रीची सुमारे २,६०० जूल आणि ·३०३ची सुमारे २,५०० जूल भरते. म्हणजे दोन्ही जवळजवळ तुल्यबळ. संवेग घेतला, तर पहिलीचा १२·७ आणि दुसरीचा ८·४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. म्हणजे जुनी गोळी दीडपट प्रबळ. छेदक्षेत्र घेतले, तर पहिलीचे सुमारे १०३ आणि दुसरीचे ४९ चौरस मिलिमीटर; म्हणजे जुनी गोळी दुप्पट प्रबळ. आणि वेधन, म्हणजे आत शिरण्याची खोली, घेतली, तर पारडे उलटून नवी गोळी सरस ठरते. एकाच जोडीविषयी चार परिमाणे चार निर्णय देतात. ह्यांपैकी कोणतेही चुकीचे मोजलेले नाही. प्रत्येक परिमाण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच.

‘थोपविणे’ ह्या शब्दाने एक यांत्रिक चित्र मनात उभे राहते: गोळीच्या धक्क्याने माणूस मागे फेकला जातो. हे चित्र गणिताने टिकत नाही. मार्टिनी-हेन्रीची गोळी ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीरातच अडकून राहिली, तरी तिच्या संपूर्ण संवेगाने त्याला सेकंदाला सुमारे १८ सेंटिमीटर एवढाच वेग मिळेल. ·३०३च्या गोळीने १२ सेंटिमीटर. साधे चालणेदेखील ह्याच्या कितीतरी पट वेगाचे असते. शिवाय लक्ष्याला बसणारा धक्का बार काढणाऱ्याच्या खांद्याला बसलेल्या धक्क्याहून मोठा असू शकत नाही. जो धक्का नेमबाज उभ्याने सोसतो, त्याने शत्रू पडतो असे मानणे म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला एका बाजूस सूट देणे होय. माणूस पडतो तो मेंदू किंवा मज्जारज्जू दुखावल्याने, रक्तस्राव पुरेसा झाल्याने, हाडांचा आधार तुटल्याने, किंवा आपणास गोळी लागली ह्या जाणिवेने. ह्यांतील शेवटचे कारण तर गोळीच्या कोणत्याच गुणधर्मात मोजता येत नाही.

चित्रळच्या तक्रारींच्या पुराव्यातही एक मूलभूत दोष होता. जे पडले त्यांच्याविषयी कोणी तक्रार लिहीत नाही. नोंद होते ती न पडलेल्यांची. त्यांतही किती गोळ्या मुळात चुकल्या होत्या, हे धुमश्चक्रीत सांगणे अशक्य. आपला नेम चुकला असे मानण्यापेक्षा गोळी कुचकामी होती असे मानणे सैनिकाला सोपे जाते. निवडक घटनांवरून सरसकट निष्कर्ष काढण्याची ही पद्धत पुढे ह्या विषयाच्या वाङ्मयात पुनःपुन्हा दिसते.

३

तक्रारींचा परिणाम मात्र त्वरित झाला. कलकत्त्याजवळील दमदम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले ह्यांनी गोळीच्या टोकाशी आवरण किंचित कमी करून शिसे उघडे ठेवण्याची युक्ती काढली. अशी गोळी शरीरात शिरताच टोकाशी पसरते. ह्या ठिकाणाचे नाव जगातील अनेक भाषांत अशा गोळीचे सामान्यनाम होऊन बसले आहे. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली.

१८९९च्या हेग शांतता परिषदेत हा प्रश्न आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा ह्यांनी मांडलेला युक्तिवाद ह्या निबंधाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. त्याचा आशय असा की, सुसंस्कृत सैनिकाला जखम झाली म्हणजे तो मागे जाऊन उपचार घेतो. ‘रानटी’ माणूस मात्र जखमी होऊनही पुढे येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. येथे ‘थोपविण्याची शक्ती’ हा गोळीचा गुण राहिला नाही. तो शत्रूच्या वंशाविषयीचा सिद्धांत झाला. एकच गोळी युरोपात पुरेशी आणि सरहद्दीवर अपुरी ठरविण्यासाठी शरीरशास्त्रात कोणताही आधार नव्हता. पठाणाचे यकृत आणि इंग्रजाचे यकृत ह्यांत प्रक्षेपशास्त्राला भेद करता येत नाही. तुलनेतील जो पद मोजला गेला नव्हता, त्याच्या जागी वसाहतवादी समजूत बसविली गेली.

परंतु समीक्षकाने एवढ्यावर थांबणे न्याय्य होणार नाही. कारण विरुद्ध पक्षाची तुलनाही निर्दोष नव्हती. ट्यूबिंगेनचे शल्यविशारद प्रोफेसर फॉन ब्रुन्स ह्यांचे प्रयोग बंदीच्या बाजूने वजनदार पुरावा म्हणून पुढे आले. त्यांनी वापरलेल्या गोळ्या दमदमच्या नव्हत्या. त्या शिकारीसाठी बनविलेल्या माउझर गोळ्या असून त्यांच्या टोकाशी शिसे दमदमच्या गोळीपेक्षा पुष्कळच अधिक उघडे होते. स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनी हा फरक त्याच वेळी दाखवून दिला होता. अर्थात् एका पक्षाने शत्रू बदलला आणि दुसऱ्याने गोळी बदलली. योग्य निष्कर्षही सदोष प्रयोगावर उभा राहू शकतो, हे संशोधकाने येथे ध्यानात घ्यावे.

शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वर्ज्य करणारे घोषणापत्र २९ जुलै १८९९ रोजी झाले. ब्रिटन व अमेरिका ह्यांनी विरोधी मत दिले होते. ब्रिटन १९०७मध्ये त्यात सामील झाले. परंतु हे बंधन केवळ परस्परांशी लढणाऱ्या पक्षकार राष्ट्रांपुरतेच होते. ज्यांच्यावर ही गोळी प्रथम झाडली गेली, ते सरहद्दीवरील लोक त्या दस्तऐवजाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

४

पॅसिफिकच्या पलीकडच्या एका वसाहतीत अशीच तक्रार थोड्याच वर्षांत उभी राहिली. फिलिपिन्समधील मोरो लढवय्यांवर ·३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्वरचा परिणाम होत नाही, असे अमेरिकन अधिकारी सांगू लागले. १९०४मध्ये जॉन टी. थॉम्पसन व सैन्याच्या वैद्यकीय विभागातील लुई ला गार्ड ह्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर प्रयोग केले. मृतदेह टांगून ते गोळीने किती झुलतात, ह्याचाही अंदाज घेण्यात आला. लष्करी पिस्तुलाचे कॅलिबर ·४५ इंचाहून कमी नसावे, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातून पुढे १९११चे कोल्ट पिस्तूल आले व तो आकडा जवळजवळ श्रद्धेचा विषय झाला.

ह्या प्रयोगांची संख्या अल्प होती, प्राणी वेगवेगळ्या जागी जखमी होत होते, आणि टांगलेल्या देहाचे झुलणे हे वर दाखविलेल्या धक्क्याच्या कल्पनेचेच अपत्य होते. तरीही ह्या अहवालाची एक बाजू मोलाची आहे, आणि नेमकी तीच बहुधा उद्धृत होत नाही. शरीरातील मर्मस्थाने लहान असतात, म्हणून सैनिकाला अचूक नेमाचे अखंड शिक्षण दिले पाहिजे, असेही त्या समितीने म्हटले होते. अहवालाचा पूर्वार्ध कॅलिबरला महत्त्व देतो. उत्तरार्ध त्याचेच महत्त्व मर्यादित करतो. पुढच्या पिढ्यांनी पूर्वार्ध तेवढा वाचला.

ह्याच्या उलट दिशेचे उदाहरण ब्रिटिश सैन्याने घालून दिले. पहिल्या महायुद्धानंतर ·४५५चे जड रिव्हॉल्वर शिकविण्यास कठीण म्हणून ·३८० कॅलिबरची निवड झाली. त्यातील २०० ग्रेनची जड, शिशाची गोळी मोठ्या गोळीइतकीच परिणामकारक ठरेल, असे समर्थन देण्यात आले. हे रिव्हॉल्वर १९३२मध्ये स्वीकारले गेले. परंतु १९३०च्या दशकाच्या अखेरीस, शिशाची उघडी गोळी हेग घोषणापत्रात बसेल की नाही ह्या शंकेने, १७८ ग्रेनची आवरणयुक्त गोळी आली. ज्या गोळीच्या आधारावर समता सिद्ध केली होती ती गेली. रिव्हॉल्वर आणि समर्थन मात्र राहिले.

५

तुलनेला सूत्रबद्ध करण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न ज्यूलियन हॅचर ह्या अमेरिकन अधिकाऱ्याचा. १९३५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी संवेग, छेदक्षेत्र आणि आकारगुणक ह्यांचा गुणाकार म्हणजे सापेक्ष थोपविण्याची शक्ती, असे सूत्र दिले. त्यानुसार ·४५ पिस्तुलाला सुमारे ६० आणि ९ मिलिमीटर पिस्तुलाला सुमारे ३० गुण मिळतात. दोन्हींची गतिज ऊर्जा मात्र जवळजवळ समान, सुमारे ४८० जूल आहे. हे सूत्र सुटसुटीत आहे. परंतु त्यात ज्या राशी गुणिल्या आहेत त्या गुणाव्यात का, ह्याचे शारीरिक कारण दिलेले नाही, आणि आकारगुणक हा मोजलेला नसून ठरविलेला आहे. १९०४च्या निष्कर्षाशी जुळेल असे सूत्र घडवून, पुढे त्याच सूत्राने तो निष्कर्ष सिद्ध झाला असे म्हणणे हा चक्रक दोष आहे.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष घटनांचा. १९९२मध्ये इव्हान मार्शल आणि एडविन सॅनो ह्यांनी प्रत्यक्ष गोळीबारांच्या नोंदी गोळा करून, एकाच गोळीने माणूस थांबण्याचे प्रमाण काडतुसागणिक टक्क्यांत दिले. प्रयोगशाळेतून रस्त्यावर येण्याची ही ओढ स्तुत्य होय. पण ज्या घटनेत एकाहून अधिक गोळ्या लागल्या, ती घटना गणनेतून वगळण्यात आली होती. पहिली गोळी निष्फळ झाली म्हणजे दुसरी झाडली जाते, हे उघड आहे. म्हणजे अपयशाचा मोठा भाग व्याख्येनेच बाहेर ठेवला गेला. चित्रळमध्ये केवळ अपयशे मोजली गेली होती. येथे यशे निवडली गेली. दोष तोच, दिशा उलट.

६

ह्या साऱ्या वाङ्मयात मूलगामी बदल घडविला तो व्हिएतनाम युद्धात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या मार्टिन फॅकलर ह्यांनी. १९८०च्या दशकात सान फ्रान्सिस्को येथील लेटरमन संशोधन संस्थेत त्यांनी दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून प्रत्येकीच्या मार्गाचा आराखडा तयार केला. गोळी किती खोल गेली, कोठे आडवी झाली, कोठे फुटली, ऊती किती चिरडली गेली आणि किती केवळ क्षणभर ताणली गेली, हे त्यात दिसते. त्यांचे प्रतिपादन असे की, ऊर्जा म्हणजे जखम नव्हे. तीच ऊर्जा ऊती चिरडण्यात खर्च होऊ शकते किंवा नुसती ताणण्यात. फुप्फुस आणि स्नायू लवचिक असल्याने ताण बऱ्याच अंशी सोसतात. यकृत सोसत नाही.

ह्या पद्धतीने कॅलिबरविषयीच्या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला. ‘नाटो’च्या ७·६२ मिलिमीटर काडतुसाची अमेरिकन गोळी आडवी होते, पण बहुधा अखंड राहते, पश्चिम जर्मनीत त्याच काडतुसासाठी बनलेली गोळी आवरण पातळ असल्याने मध्यावर तुटून अनेक तुकडे होत असे. कॅलिबर तेच, वेगही जवळजवळ तोच. जखमा मात्र फार भिन्न. ह्याच दृष्टीने पाहता १९१०ची सातव्या प्रकारची ·३०३ गोळीही नव्याने समजते. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असल्याने भार मागे राहतो आणि ती शरीरात लवकर उलटते. ती पसरत नाही, म्हणून घोषणापत्राच्या शब्दांचा भंग होत नाही. परिणामाचा प्रश्न शिल्लक राहतोच.

फॅकलर ह्यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. जिलेटिन एकजिनसी असते. शरीरात कातडी, हाड, हवा आणि द्रव ह्यांचे थर असतात. जिलेटिन तुलना करण्यास योग्य आहे, भाकीत करण्यास नव्हे. तरीही पूर्वीच्या परिमाणांहून ही पद्धत श्रेष्ठ ठरते. कारण ती एक आकडा देत नाही, एक आकृती देते, आणि अर्थ लावण्याची जबाबदारी वाचकाकडे ठेवते.

७

सिद्धांताचा प्रभाव निर्णयांवर कसा पडतो हे अलीकडच्या दोन उदाहरणांवरून दिसेल. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे झालेल्या चकमकीत अमेरिकन संघीय अन्वेषण विभागाचे दोन कर्मचारी मारले गेले. आरोपीला आरंभीच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली होती. ह्यानंतर विभागाने वेधनाला प्राधान्य दिले, जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोली ही अट घातली, आणि १० मिलिमीटर व नंतर ·४० कॅलिबरकडे वळला. २०१०च्या दशकाच्या मध्यास तो पुन्हा ९ मिलिमीटरकडे आला. कारण सुधारित गोळ्यांमध्ये कॅलिबरचा भेद नगण्य झाला होता आणि कमी धक्क्यामुळे नेम सुधारत होता. १९०४च्या अहवालाचा विसरलेला उत्तरार्ध शंभर वर्षांनी पुन्हा वाचला गेला, असे म्हणता येईल.

दुसरे उदाहरण भारतातील आहे. १९९०च्या दशकात भारतीय सैन्यात ५·५६ मिलिमीटरची इन्सास रायफल आली. शत्रूचा सैनिक जखमी झाला तर त्याला वाहून नेण्यात आणखी दोघे गुंततात, म्हणून लहान कॅलिबर पुरेसे, असे समर्थन ह्या कॅलिबरसाठी वारंवार दिले जाई. पुढे घुसखोरांशी गाठ पडू लागल्यावर, हा शत्रू जखमेने थांबत नाही, असा प्रतिवाद झाला. आणि २०१९मध्ये ७·६२ मिलिमीटरच्या ७२,४०० रायफलींचा करार करण्यात आला. अधिक पल्ला आणि आडोसा भेदण्याची क्षमता हे मोठ्या काडतुसाचे लाभ खरे व मोजण्याजोगे आहेत. त्यामुळे निर्णय चुकीचा होता असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ‘हा शत्रू पडत नाही’ हे वाक्य १८९५ आणि १८९९ ह्या दोन सालांपासून ओळखीचे आहे. ज्या सरहद्दीवरच्या लोकांविषयी ते प्रथम बोलले गेले, त्या सरहद्दीच्या वारसांनाही ते तितक्याच सहजपणे बोलता येते. म्हणूनच ते पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी तपासले पाहिजे.

८

ह्या चिकित्सेचा अर्थ काडतुसांची तुलना करूच नये, असा नाही. वजन, वेग, पल्ला, वेधन, धक्का ह्या राशी मोजता येतात व त्या मोजल्याच पाहिजेत. आक्षेप आहे तो ह्या सर्वांना ‘शक्ती’ ह्या एका शब्दात कोंबण्याला. शक्ती हा गोळीच्या अंगचा गुण नसून, गोळी, तिचा शरीरातील मार्ग आणि झाडणाऱ्याचा हेतू ह्यांतील संबंध होय. ज्या तुलनेत हेतू सांगितलेला नसतो, त्या तुलनेत तो लपलेला असतो.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. पसरणारी गोळी आजही अनेक देशांचे पोलीस वापरतात. कारण ती आरपार जाऊन पलीकडच्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी असतो. तीच गोळी युद्धात निषिद्ध आहे. २०१०मध्ये कंपाला येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संविधीत दुरुस्ती होऊन हा निषेध देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही लागू करण्यात आला. ज्यांना १८९९च्या घोषणापत्राने बाहेर ठेवले होते, अशांपर्यंत ती तरतूद तत्त्वतः पोचली. एकाच वस्तूविषयीचे हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत, कारण दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न वेगळा आहे. कॅलिबरच्या कोष्टकासमोर बसणाऱ्या अभ्यासकाने आकडा वाचण्यापूर्वी तो प्रश्न शोधावा. चित्रळच्या अहवालांत तो कोणी शोधला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांची साक्ष कोणत्याही कोष्टकात नाही.